गाडींतील टेप मधूनमधून बंद पडतो, त्याचा शोध कसा घ्यावा

या मासिकांत खतें, बियाणें, पाणीपाळ्या आणि बाजारभाव यांविषयींचे लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस गाडींतील गाण्याच्या यंत्राविषयीं लिहिणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल, हें आम्ही जाणून आहों. तथापि आज आमच्या डिंगोऱ्यासारख्या गांवीं नांगरट करणारा ट्रॅक्टर असो, कीं कांदा-टोमॅटो वाहणारी पिकअप असो, तींत असा संच नाहीं असें क्वचितच आढळतें. तो बंद पडला म्हणजे चैनीची एक वस्तु बिघडली, अशा नजरेनें लोक त्याकडे पाहतात. आम्हांस मात्र अनुभवानें असें दिसून आलें आहे कीं, हा बिघाड बहुधा गाण्याच्या यंत्राचा नसून गाडीच्या विजेच्या जोडणीचा असतो, आणि गाणें थांबणें ही त्याची पहिली खूण असते. ती खूण कशी वाचावी एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

टेप हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. फितीच्या कॅसेटी कधींच गेल्या. आतां गाणीं पेनड्राइव्हमधून किंवा मोबाइलवरून येतात. परंतु यंत्राचें नांव गांवांत टेपच राहिलें आहे, आणि जें नांव सर्वांस कळतें तेंच बरें. मोटारींत असें यंत्र बसविण्याची हौसही आजकालची नव्हे. अमेरिकेंतील गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें १९३० सालीं मोटोरोला या नांवानें मोटारीचा रेडिओ बाजारांत आणिला. त्या काळींही इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर आणि बॅटरीवर पडणारा भार या गोष्टींनीं कारागिरांस जेरीस आणिलें होतें.

चैनीची वस्तु म्हणतात, त्याविषयीं एक शब्द. आमचा जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. माणिकडोहचें बिबट्या निवारा केंद्र त्याचसाठीं उभें आहे. कृषिपंपांच्या विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे दारें धरावयास रात्रींच जावें लागतें. अशा वेळीं एकट्यानें जाऊं नये, हातीं बत्ती असावी, बोलत अथवा गाणें लावून जावें, असें वनखातें सांगत आलें आहे. म्हणून कित्येक शेतकरी बांधाला ट्रॅक्टर उभा करून त्यावरील टेप चालू ठेवितात. तो अर्ध्या रात्रीं अचानक गप्प झाला, तर उसाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसास तें चैनीचें नुकसान वाटत नाहीं.

आतां मूळ हकीकत सांगतों. आमच्या पुतण्याची एक पिकअप आहे. ओतूरच्या बाजारांत कांदा नेणें, आणि हंगामांत माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणवरून वाशीच्या बाजारांत माल पोंचविणें, हा तिचा व्यवसाय. मागील पावसाळ्याअखेर तिचा टेप मधूनच बंद पडूं लागला. घरून निघतांना गाई, मढ ओलांडलें कीं थांबे. कधीं घाटांत आपोआप सुरू होई, कधीं वाशीपर्यंत मुका राही. दुरुस्तीस नेला कीं दुकानापुढें तासभर सुरळीत वाजे. एका बाजारगांवच्या दुकानदारानें संचच खराब असल्याचें सांगून साडेतीन हजारांचा नवा बसविला. चौथ्या दिवशीं तोही घाटांत मुका झाला. तेव्हां दुकानदार म्हणाला, कंपनीचा माल खराब आला, याहून भारी घ्या. पुतण्या आमच्याकडे येऊन म्हणाला, "तात्या, दोन टेप झाले, आतां तिसरा घेऊं कां ?" आम्हीं सांगितलें, "तिसरा टेप घेऊं नकोस, एक वही घे."

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत नोंदी करण्यांत गेली. "मधूनच बंद पडतो" ही तोंडी तक्रार झाली. तिच्यावर कोणताही निर्णय करतां येत नाहीं. मधूनच म्हणजे केव्हां, कोठें, आणि त्या क्षणीं दुसरें काय घडत होतें, हें कागदावर आलें म्हणजे प्रकरण चालतें होतें. म्हणून आम्हीं वहींत चार रकाने आंखून दिले. पहिल्यांत वेळ व ठिकाण. दुसऱ्यांत त्या वेळीं हॉर्न, दिवे, पंखा, खड्डा, चढण यांपैकीं काय होतें तें. तिसऱ्यांत नक्की काय बंद झालें : नुसता आवाज, कीं समोरचा दिवाही. चौथ्यांत तो पुन्हां कशानें सुरू झाला. शेजारीं बसणाऱ्या हमालानें लिहावयाचें, चालविणाऱ्यानें लिहावयाचें नाहीं, हीही अट घातली. दहा दिवसांत सतरा नोंदी झाल्या.

त्या नोंदी वाचण्यापूर्वीं संचास वीज कशी पोंचते तें समजून घेतलें पाहिजे. संचाच्या पाठीमागें तारांचा झुबका असतो, त्यांत मुख्य तारा तीन. पिवळी तार बॅटरीवरून थेट येते आणि गाडी बंद असतांनाही तिच्यांत वीज असते. घड्याळ व लावून ठेविलेलीं केंद्रें तिच्या जोरावर लक्षांत राहतात. तांबडी तार किल्लीवरून येते. किल्ली फिरली म्हणजे ती संचास जागें करते. काळी तार ही परतीची वाट. वीज बॅटरीच्या अधिक टोंकाकडून निघून, संचांत काम करून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे उणें टोंकाकडे परत गेली पाहिजे. या परतीच्या जोडास आपल्याकडे अर्थिंग म्हणतात. पाटाचें पाणी शेतांत जिरलें कीं काम झालें. विजेचें तसें नाहीं. जेवढी आली तेवढी परत गेली पाहिजे, आणि परतीची वाट तुटली तर येणेंही थांबतें. याखेरीज प्रत्येक स्पीकरास दोन-दोन तारा जातात. रंगांचा हा संकेत बहुतेक संचांत पाळला जातो, परंतु गांवोगांवच्या जोडण्यांत हातीं येईल ती तार लावलेली असते. म्हणून रंगावर विसंबूं नये, तपासून पाहावें.

एवढें कळलें म्हणजे तिसऱ्या रकान्याचें महत्त्व ध्यानांत येईल. संच बंद पडून पुन्हां सुरू झाला आणि घड्याळ चुकलें, केंद्रें पुसलीं गेलीं, तर पिवळी तार अथवा अर्थिंग यांत खंड पडला असें समजावें. घड्याळ बरोबर राहून नुसता संच झोपला, तर तांबडी तार किंवा किल्लीच्या आंतील झिजलेला संपर्क पाहावा. किल्ली बोटानें किंचित् हालविली कीं याची परीक्षा होते. समोरचा दिवा चालू, आंकडे सरकत आहेत, पण आवाज नाहीं, असें असेल तर वीज पोंचत आहे. दोष स्पीकरांच्या तारांत शोधावा. दाराच्या बिजागरीपाशीं या तारा रोज दुमडून सोलतात. उघडें तांबें पत्र्यास टेंकलें कीं संच आपल्या बचावासाठीं आवाज तोडतो, आणि तार सुटली कीं पुन्हां गाऊं लागतो. पेनड्राइव्हवर थांबतो पण रेडिओवर थांबत नाहीं, तर बिचाऱ्या तारांस दोष देऊं नये. पेनड्राइव्ह किंवा त्याचें सैल झालेलें भोंक यांचा तो अपराध आहे.

आवाज मोठा केला कीं बंद, लहान केला कीं ठीक, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते. तिचें कारण साधें आहे. मोठ्या आवाजास अधिक प्रवाह लागतो, आणि प्रवाह वाढला कीं खराब जोडांत विजेचा दाब खर्ची पडतो. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अडथळा चार दशांश ओहम एवढाच असला, तरी पांच अँपिअर प्रवाहास तो दोन व्होल्ट खाऊन टाकतो. बॅटरींत साडेबारा असतील तर संचास साडेदहा मिळतात. साधारणपणें अकरा ते सोळा व्होल्टांच्या आसपास चालावें अशी या संचांची घडण असते. त्याखालीं ते डळमळतात. याच कारणानें इंजिनास सेल्फ मारतांना टेप क्षणभर थांबतो. तो बिघाड नव्हे. उलट इंजिन जोरांत असतांनाच थांबत असेल, तर बॅटरीच्या टोंकांवर मीटर लावून पाहावें. इंजिन चालू असतां पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसणें योग्य. त्याहून पुष्कळ वर जात असतील तर अल्टरनेटरचा दाब आंवरणारा भाग बिघडला आहे, आणि टेपच्या आधीं बॅटरीची चिंता केली पाहिजे.

माळशेज घाटाविषयीं एक खुलासा येथेंच करतों, कारण आमच्या बाजूच्या पुष्कळ लोकांची त्यांत गल्लत होते. एफ.एम. केंद्राच्या लहरी सुमारें तीन मीटर लांबीच्या असतात व त्या बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं अडतात. घाटांत रेडिओ खरखरून नाहींसा होतो, तो संच बिघडल्यामुळें नव्हे. त्याच जागीं पेनड्राइव्ह लावून गाणें वाजलें, तर संचास व तारांस दोष नाहीं. परंतु सपाटीवर, केंद्र चांगलें लागत असतां, खड्ड्यागणिक कडकड असा आवाज येत असेल तर तो सैल जोडांतील बारीक ठिणग्यांचा असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करूं नये. ठिणगी लहान असली तरी तिच्या लहरी दूर जातात. आमच्याच तालुक्यांतील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिचे शास्त्रज्ञ आकाशांतून येणारे अत्यंत क्षीण संकेत टिपीत असतात. त्यांसही विजेच्या तारांवरील व वाहनांतील अशा ठिणग्यांचा उपद्रव सांभाळावा लागतो. डॉ. गोविंद स्वरूप यांनीं ही दुर्बीण उभारण्यास हा भाग निवडला, त्याचें एक कारण येथील रेडिओची शांतता हेंच होतें.

आतां पुतण्याच्या वहीकडे वळूं. सतरांपैकीं चौदा नोंदींत घड्याळ बारावर गेलें होतें. म्हणजे तांबडी तार व स्पीकर सुटले. राहिली पिवळी व अर्थिंग. हॉर्नशीं किंवा दिव्यांशीं मेळ बसेना. खड्ड्यांत थांबल्याच्या नोंदी नऊ होत्या. परंतु आमची नजर चौथ्या रकान्यावर ठरली. चार ठिकाणीं लिहिलें होतें : "चालकाकडील दार आपटलें, सुरू झाला." दाराचा आणि टेपचा संबंध काय ? त्या दारांतून तर एकही तार जात नव्हती.

रविवारीं गाडी अंगणांत उभी करून आम्ही दोघे बसलों. साहित्य म्हणाल तर अडीचशे रुपयांचा एक साधा मीटर, स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि बॅटरीची बत्ती. तपासणी टेप मोठ्यानें वाजत असतांनाच करावी, हें येथें विशेष सांगावेंसें वाटतें. बंद संचावर मीटर लावला तर गंजका जोडही पूर्ण दाब दाखवितो, कारण प्रवाहच नसल्यानें तो कांहींच खात नाहीं. दुकानदार तेथेंच फसला असावा. आम्हीं मीटरचें एक टोंक संचाच्या काळ्या तारेस व दुसरें बॅटरीच्या उणें टोंकास लाविलें. येथें एक-दोन दशांश व्होल्टांपेक्षां अधिक दिसूं नये. दिसले पावणेदोन. म्हणजे परतीची वाट खराब होती, पण होती. मग पुतण्यानें संच पुढें ओढला आणि वाट मोकळी व्हावी म्हणून एरियलची जाड तार उपसली. त्याबरोबर संपूर्ण संच विझला, आणि मीटरचा कांटा बारांवर गेला.

एरियल काढल्यावर रेडिओ खरखरावा, सगळा संच मरूं नये. मेला, याचा अर्थ एकच होता. काळी तार डॅशबोर्डाखालीं जेथें स्क्रूनें आंवळली होती, तेथें पत्र्यावर रंगाचा जाड थर होता. तो खरवडल्याशिवाय स्क्रू पिळला होता. पावसाळ्यांत त्याखालीं गंज चढला आणि जोड नांवापुरताच राहिला. वीज मग एरियलच्या तारेवरील जाळीवाटे, एरियलच्या बुडख्यांतून, चालकाच्या दाराजवळील खांबावर जाऊन सांगाड्यास मिळत होती. स्वतःच्या शेतास वाट नसलेला खातेदार शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाट करतो, तसाच हा प्रकार. शेजाऱ्याचें मन असेल तोंवर वाट चालते. एरियलचा बुडखा खड्ड्यानें सैल झाला कीं वाट बंद, आणि दार आपटून खांब हादरला कीं पुन्हां सुरू. दुकानापुढें उभ्या गाडींत कांहींच हालत नसे, म्हणून तेथें तो निर्वेध वाजे. त्या नवीन दुकानदारानें संच बदलला, पण जुन्याच स्क्रूखालीं नवी तार अडकविली.

खरी धास्ती आम्हांस त्यानंतर बसली. काळ्या तारेचा माग काढून झाल्यावर पिवळीचाही काढावा म्हणून बॉनेट उघडलें. ती तार बॅटरीच्या अधिक टोंकावरून निघून इंजिनामागील पत्र्याच्या एका भोंकांतून आंत शिरली होती. भोंकास रबराची कडी नव्हती, आणि बॅटरीपासून संचापर्यंत वाटेंत कोठेंही फ्यूज नव्हता. भोंकाच्या धारेवर घासून तारेचें वेष्टण गेलें होतें व तांबें चमकत होतें. संचाच्या पाठीवर दहा अँपिअरचा फ्यूज असतो हें खरें; परंतु तो संचाचें रक्षण करतो, वाटेंतील तारेचें करीत नाहीं. तांबें त्या पत्र्यास टेंकतें, तर बॅटरीचा सारा प्रवाह त्या बोटभर तारेंतून धांवता, ती लाल होती आणि शेजारची डिझेलची नळी फार दूर नव्हती. गाडीवर बँकेचे अजून तेवीस हप्ते आहेत, आणि घाटांत रात्रीं गाडींत दोन माणसें असतात. पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

म्हणून वाचकांनीं टेप चालू असो वा बंद असो, एकदां ही पिवळी तार डोळ्यांनीं पाहून घ्यावी. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज असला पाहिजे, तारेच्या जाडीस शोभेल इतकाच असला पाहिजे, आणि तो वारंवार जळत असेल तर त्या जागीं मोठा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटाचा चंदेरी कागद घालणें म्हणजे घरास आग लावून घेणें होय. ही शेवटची युक्ति आम्हीं एका नव्या ट्रॅक्टरवर पाहिली आहे, म्हणून लिहिलें.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी. तो उघडा असतो; ऊन, धूळ, फवाऱ्याचें पाणी आणि खतांची पूड हीं सर्व त्याच्या जोडांवर बसतात. युरिया हवेंतील ओल ओढून घेतो, आणि खतांच्या क्षारांनीं तांब्यास हिरवा गंज लौकर चढतो. खतांचीं पोतीं वाहून झाल्यावर बॅटरीच्या टोंकांवर पांढरीहिरवी बुरशी दिसल्यास गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करून घट्ट आंवळावी व वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. बॅटरी सोडतांना उणें टोंक आधीं सोडावें आणि जोडतांना शेवटीं जोडावें, म्हणजे पान्हा पत्र्यास लागून ठिणगी पडत नाहीं. भर उन्हांत तासाभरानें टेप थांबतो व सांवलींत ठेविला कीं पुन्हां गातो, असें असेल तर तो तापून स्वतःस वांचवीत आहे. मागें हवा खेळेल अशी जागा करावी. आणि कडब्याच्या गंजीशेजारीं ट्रॅक्टर उभा करणाऱ्यांनीं उंदरांस विसरूं नये. उंदीर तारेचें वेष्टण कुरतडतो, तार तोडीत नाहीं. त्यामुळें बिघाड येतो आणि जातो, व महिना महिना सांपडत नाहीं. सीटखालीं लेंड्या दिसल्या तर तपासणीस तेथूनच प्रारंभ करावा. मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्यांचे चोवीस व्होल्ट असतात. तेथें एकाच बॅटरीवरून टेप जोडण्याची पद्धत पडली आहे, ती वाईट. एक बॅटरी उपाशी व दुसरी तुडुंब होऊन दोन्ही लौकर मरतात.

दुरुस्तीस फारसा खर्च आला नाहीं. पत्र्यावरील रंग पॉलिशपेपरनें चकचकीत होईपर्यंत काढला, काळ्या तारेच्या टोंकास गोल लग पकडीनें दाबून बसविला, दांत्यांचा वायसर घालून बोल्ट आंवळला, आणि वरून ओल जाऊं नये म्हणून ग्रीस लाविलें. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची जी रीत आहे ती सोडावी. उन्हानें पट्टीचा डिंक पातळ होतो आणि हादऱ्यानें पीळ उकलतो. कथलाचा डाग द्यावा, अथवा दाबून बसणारे जोड वापरावे, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंस तार सांगाड्यास बांधून ठेवावी. पिवळी तार पूर्ण बदलली, भोंकांत रबराची कडी बसविली, बॅटरीपाशीं पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला. एरियलचा बुडखाही आंवळला. एकंदर खर्च दोनशें चाळीस रुपये. मग टेप मोठ्यानें लावून पूर्वीच्याच दोन टोंकांस मीटर लाविला : सहा शतांश व्होल्ट.

वही आम्हीं बंद केली नाहीं. आणखी पंधरा दिवस चालविली. तींत एकच नोंद आहे, "मढच्या पुढें रेडिओ खरखरला, पेनड्राइव्ह लाविला, वाजला." दुकानदारानें खराब ठरविलेला पहिला संच पुतण्यानें फेंकून दिला नव्हता. तो ट्रॅक्टरच्या एका उतरत्या बॅटरीवर गोठ्यांत जोडला आहे. पहांटे धारा काढतांना रोज वाजतो.